डायलिसिसहून घरी आलात आणि मूल आकांत करतंय? अंगात त्राण नसताना काय करायचं?

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाच्या उत्तरेला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतून किडनीच्या आजाराच्या बातम्या अनेक वर्षांपासून येतात. किडनी निकामी झाली की बहुतेकांच्या वाट्याला डायलिसिस येतं: साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. घरी आल्यावर फक्त आडवं व्हावंसं वाटतं आणि नेमकं तेव्हाच चार वर्षांचं पोर जमिनीवर लोळण घेतं.

मूल तेव्हाच का चिडतं?

वरून हट्ट दिसतो, पण आत बऱ्याचदा भीती असते. राग आवरायला मदत करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. तोवर मूल मोठ्यांच्या आधाराने शांत होतं. दिवसभर साठलेलं रडू ते आपल्या हक्काच्या माणसापाशीच मोकळं करतं. शिवाय ‘मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली’ असंही लहान मुलांना वाटू शकतं.

मग करायचं काय?

उचलून घेणं, फिरवून आणणं जमणार नाही. पण मुलाला तुमच्या ताकदीपेक्षा तुमचं जवळ असणं हवं असतं. ते पडल्यापडल्याही देता येतं.

१. आधी भावना ओळखा. ‘मी दिवसभर नव्हते, म्हणून तुला राग आलाय ना?’ एवढंच म्हणा. रडण्याच्या भरात उपदेश ऐकू जात नाही.

२. हात वाटून द्या. फिस्टुलाच्या हातावर ओढाताण किंवा भार नको. ‘हा हात सुईचा, हा तुझा’ असं ठरवा आणि दुसऱ्या बाजूला मुलाला जवळ घ्या.

३. कॅलेंडरवर खूण करा. डायलिसिसचे दिवस मुलाला आधी कळू द्या. अंगणवाडीतून आजी आणणार की काकू, तेही सांगा.

४. आजार खरा सांगा. ‘माझी किडनी रक्त नीट साफ करत नाही, ते काम मशीन करतं. हे तुझ्यामुळे झालं नाही आणि तुला लागणारही नाही.’ ‘मला कधीच काही होणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका.

५. आवाज चढलाच, तर नंतर जवळ घ्या. ‘मी थकले होते, ओरडले. चूक तुझी नव्हती,’ असं सांगा.

मदत कधी घ्यायची?

मूल कित्येक दिवस नीट जेवत-झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल किंवा तुम्हालाच सगळं असह्य होत असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं.