पापनाशमचं भाताचं कोठार

तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर, कुडमुरुट्टी नदीकाठच्या पापनाशमला लोक १०८ शिवलिंगांच्या देवळासाठी थांबतात. थांबाच! पण जवळच तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर मंदिरातलं भाताचं कोठारही चुकवू नका. विटांचं, गोल, वर निमुळता घुमट, उंची सुमारे ३६ फूट. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या नायकांनी बांधलेलं. क्षमता ३००० कलम सांगतात (कलम हे तिथलं धान्याचं जुनं माप). धान्य काढघाल करायला वेगवेगळ्या उंचीवर झडपा. कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात देऊळ म्हणजे गावाची धान्यपेढीसुद्धा! पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि हा मुलूख १७९९पर्यंत भोसल्यांकडे राहिला. गोपुरांपुढे कोठाराचे फोटो कुणी काढत नाही. मला मात्र तेच जास्त आवडलं.