समुद्र काय शिकवतो, भिंत काय सांगते

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कुठेच नाही. शेगावहून रेल्वेने मुंबई गाठायची म्हटलं तरी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. त्यामुळे आपल्याकडची बरीच मुलं-मुली समुद्र पहिल्यांदा बघतात ते कॉलेजच्या टूरमध्येच. कोकण किंवा गोवा ठरलं की होस्टेलमध्ये आठवडाभर दुसरा विषय नसतो. टूरहून परत आल्यावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे मोबाईलमध्ये शेकडो फोटो, आणि दुसरी म्हणजे पिशवीभर शंख-शिंपले, जे पुढच्या सेमिस्टरला खाटेखाली सापडतात! समुद्राकडून याहून बरंच काही आणता येतं. त्यातलं थोडं डोक्यात ठेवायचं असतं आणि थोडं खोलीच्या भिंतीवर. या लेखात दोन्हींचा विचार करू या.

धडा पहिला : वेळापत्रक समुद्राचं, आपलं नव्हे

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. चंद्र स्वतःही पृथ्वीभोवती पुढे सरकत असतो, म्हणून आजच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. कोकणातल्या जुन्या माणसांनी यावर एक सोपं गणित बसवलंय : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आत-बाहेर. कॅल्क्युलेटर नाही, टेबल नाही, तरी उत्तर कामापुरतं बरोबर! अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ काटकोनात असते, तेव्हाची भरती लहान. तिला भांगाची भरती म्हणतात.

कोळी माणूस भरतीशी भांडत नाही, तिची वेळ बघून होडी काढतो. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाण्याला मात्र दोन्हीला वेळ लागतो. फर्स्ट इयरला विशिष्ट उष्मा या नावाखाली शिकलेली ही गोष्ट त्यांनी पोटापाण्यासाठी वापरली. आपणही सबमिशनच्या आदल्या रात्री वाऱ्याविरुद्ध वल्ही मारण्यापेक्षा आपला वारा कधी सुटतो हे ओळखलं तर बरं. कुणाचं डोकं पहाटे चालतं, कुणाचं रात्री. रूम पार्टनरचं वेळापत्रक आपल्याला लागू पडेलच असं नाही.

धडा दुसरा : विहीर वेगळी, समुद्र वेगळा

हा धडा गंभीर आहे आणि टूरला निघण्याआधीच वाचायचा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या ८ जणांचा जीव गेला. ते अभियांत्रिकी महाविद्यालयातले होते. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच, मित्रांबरोबर मजेत निघालेले.

आपल्याकडचा मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत नाहीतर धरणाच्या कडेला. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी चालतं. लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटत असतात. ते साचलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत खेचलं जातं. गंमत अशी की हाच पट्टा वरून सगळ्यात शांत दिसतो, कारण तिथे लाट फुटत नाही. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. या ओढीचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. त्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, आणि बहुतेक माणसं बुडतात ती याच थकव्याने.

मग करायचं काय? घाबरून किनाऱ्याच्या दिशेने सरळ हातपाय मारायचे नाहीत. आधी पाठीवर तरंगायचं, दम सांभाळायचा. ओढीचा पट्टा अरुंद असतो, म्हणून किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटांच्या मदतीने तिरकं परत यायचं. पोहता येत नसेल तर तरंगत हात वर करून मदत मागायची, कारण ही ओढ लाटा फुटतात त्याच्या पलीकडे बहुधा ढिली पडते. मित्र ओढला जात असेल तर एकामागून एक उड्या टाकू नका. दोर, टायर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि स्थानिक माणसांना बोलवा. सगळ्यात आधीची गोष्ट म्हणजे गावातला माणूस "इथं उतरू नका" म्हणाला की उतरायचं नाही. तिथे आपली डिग्री कामाची नाही.

हीच गोष्ट होस्टेललाही लागू पडते. तीन विषय राहिले, घरी सांगायची हिंमत नाही, बापाने सोयाबीन विकून फी भरलेली. हीसुद्धा एक ओढच आहे. तिच्याशी सरळ झुंज घेत कुढत बसलं की माणूस थकतो. आधी तरंगायचं, मग आडवी वाट काढायची : एक विषय पकडायचा, सरांशी बोलायचं, वॉर्डनला सांगायचं. आणि हात वर करायला लाजायचं नाही. मदत मागणारा वाचतो, हे किनाऱ्यावरचं साधं सत्य आहे. स्टाफ मंडळींनाही एक विनंती : वर आलेला हात कधीकधी फक्त मेसला न येण्यातून दिसतो.

धडा तिसरा : दोन महिने जाळी विणायची

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांचा तो प्रजननाचा काळ. या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, डागडुजी होते, जाळी दुरुस्त होतात. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामाला लागतात. दोन महिने मासा मिळत नाही म्हणून त्यांचं वर्ष फुकट जात नाही. उलट ती बंदी पाळली तरच पुढचे दहा महिने मासा मिळतो. आपल्याही सुट्टीत एखादं जाळं विणून ठेवता येईल.

आपला खारा किनारा : लोणार

समुद्र नसला तरी खारं पाणी आपल्या वाट्याला आलंय. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मुलांना सांगायला नको. आणि खारा किनारा बघायचाच असेल तर आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. आतलं पाणी खारट आणि अल्कधर्मी, तर काठावरच्या धारेचं पाणी गोड. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे ज्वालामुखीचं विवर असावं, असं पुढे बराच काळ मानलं जात होतं. १९७३ मध्ये तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्केची बाजू भक्कम झाली. वय मात्र अजून वादात आहे. एक पद्धत सुमारे ५२ हजार वर्षं सांगते, तर दुसरी पाच लाख ७० हजार! पुरावा येईपर्यंत मत सैल धरावं, हा धडा लोणारइतका चांगला कुठलं पुस्तक देणार?

जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला की ते वाढतात आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य पाण्यावर दिसतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पुढच्या रविवारी जमलं तर जाऊन या. पण तिथला दगड खिशात घालू नका.

किनारा भिंतीवर आणायचा कसा?

आता शंख-शिंपल्यांकडे वळू. किनाऱ्यावरचा रिकामा शंख कचरा नसतो. खेकड्यांची एक जात त्यातच बिऱ्हाड करते. काही जातींचे शंख आणि पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे दुकानात मिळाली तरी घेऊ नयेत. समुद्राची आठवण हवी असेल तर किनाऱ्यावरच्या माणसांनी हाताने केलेलं काहीतरी आणा.

सावंतवाडीला गेलात तर गंजिफा बघा. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात. ही कला विझत चालली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. सगळा संच विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा नाही, पण मत्स्य नाहीतर कूर्म अवताराचं एखादं सुटं पान मिळालं तर छोट्या फ्रेममध्ये समुद्रच खोलीत आला म्हणायचा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून, एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची ही परंपरा. डहाणूकडची वारली चित्रं तर सगळ्यांना माहीत आहेत : गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांतून अख्खं गाव उभं राहतं. जिव्या सोमा मशे यांनी ही लग्नघरातली कला कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घासाघीस करताना एवढं आठवावं की समोरच्या माणसाचे दिवस त्या चित्रात गेलेले असतात.

होस्टेलची खोली सजवताना थोडे नियम पाळा. भिंतीला रंग लावला की डिपॉझिट कापलं जातं, म्हणून कार्डशीटवर काढा आणि दोरीला चिमट्याने लावा. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर ठेवा. खाटेवर बसून बघणार असाल तर आणखी खाली. ऊन थेट पडतं तिथे लावू नका, रंग उडतो. ओल येणारी भिंतही टाळा. आणि भिंत भरून टाकू नका. किनारा डोळ्यांना निवांत वाटतो, कारण तिथे क्षितिजाची एकच रेघ असते आणि बाकी मोकळं. भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग रिकामा राहू द्या.

शेवटी, कला विकतच घ्यावी लागते असंही नाही. पोळ्याला शाडूचे बैल, भुलाबाईच्या मूर्ती, अंगणातली रांगोळी, लग्नातलं रुखवत, जुन्या लुगड्यांची गोधडी, हे सगळं आपल्या घरातल्या बायांनी कुठलाही कोर्स न करता केलंय. त्यावर त्यांनी कधी सही केली नाही, म्हणून आपण त्याला कला म्हणत नाही इतकंच. दिवाळीला घरी गेलात की आईला एका कार्डशीटवर तिची नेहमीची रांगोळी काढायला सांगा. कोपऱ्यात तिची सही घ्या, खाली तारीख टाका आणि ते रूमवर आणून टेबलासमोर लावा. समुद्र दूर असला तरी चालेल. ओढ लागेल त्या दिवशी डोळ्यांसमोर काहीतरी घट्ट असायला हवं.