अंगाबरहुकूम चिलखत

‘स्टार वॉर्स’ मालिकेतला पहिला चित्रपट १९७७ च्या मे महिन्यात अमेरिकेत झळकला. त्यातल्या साम्राज्याच्या सैनिकांना, म्हणजे स्टॉर्मट्रूपर्सना, चेहरा नव्हता. होतं ते पांढरंशुभ्र चिलखत आणि कवटीची आठवण करून देणारं शिरस्त्राण. पडद्यावर अभेद्य वाटणारं ते चिलखत प्रत्यक्षात पातळ प्लास्टिकचं होतं. आज देशोदेशीची माणसं ते घरच्या टेबलावर स्वतःच्या हातांनी उभं करतात. त्यासाठी किट विकत मिळतं, पण किट घेतलं म्हणजे चिलखत मिळालं असं होत नाही. खोक्यातून येतात ते नुसते आकार. ज्याच्या अंगावर ते चढायचे, त्याच्या मापानं ते कापले, जोडले आणि बांधले गेले की मगच त्यांचं चिलखत होतं. या छंदाचं सगळं कसब त्या मधल्या कामात आहे.

मातीचा साचा, तापलेला पत्रा

या सैनिकाचं रूप आधी कागदावर आलं. चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांनी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्यासाठी केलेल्या रंगचित्रांत तो पहिल्यांदा दिसला. पोशाखांची जबाबदारी जॉन मोलो यांच्याकडे होती आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. चिलखताचे भाग ब्रायन म्युअर यांनी मातीत घडवले. शिरस्त्राणांचं प्लास्टिकमधलं उत्पादन लंडनच्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी १९७६ मध्ये केलं. पहिल्या चित्रपटासाठी अशी पन्नास शिरस्त्राणं बनली.

तंत्र होतं व्हॅक्यूम फॉर्मिंगचं. प्लास्टिकचा सपाट पत्रा चौकटीत घट्ट धरून तापवायचा. तो मऊ होऊन मध्ये झोळ देऊ लागला की साच्यावर बसवायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. बाहेरच्या हवेच्या दाबानं पत्रा साच्याला चिकटतो आणि थंड झाल्यावर तोच आकार धरून राहतो. हे काम स्वस्तात आणि झटपट होतं, म्हणून घाईत असलेल्या चित्रपटाला ते सोयीचं होतं.

या तंत्राला एक मर्यादा आहे आणि किटची सगळी रचना तिच्यातून आली आहे. साचा आतल्या बाजूला वळलेला असेल, तर थंड झालेलं प्लास्टिक त्यावर अडकून बसतं, निघत नाही. त्यामुळे नळीसारखा बंद आकार एका ओढीत बनवता येत नाही. मांडी, नडगी, दंड, मनगट या प्रत्येकाचे आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा असे दोन भाग करावे लागतात. शिरस्त्राणाचाही चेहरा वेगळा, डोक्यामागची टोपी वेगळी, आणि त्यांचा सांधा झाकणारे कान वेगळे. पत्रा जिथे जास्त ताणला जातो तिथे तो पातळही होतो, म्हणून खोल कोपरे नेहमी नाजूक राहतात.

प्लास्टिक असतं एबीएस. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन या तीन घटकांपासून ते बनतं. त्यातल्या ब्युटाडाइनच्या रबरी अंशामुळे ते आपटलं तरी सहसा फुटत नाही. मात्र त्याच अंशामुळे उन्हातल्या अतिनील किरणांनी ते कालांतरानं पिवळं पडतं. म्हणून तयार चिलखत उन्हापासून दूर, झाकून ठेवावं लागतं.

आधी माप, मग सुरी

खोकं उघडल्यावर हाती येणाऱ्या तुकड्यांभोवती साच्याबाहेरचा फालतू पत्रा असतो. तो कापायला करवत लागत नाही. पेन्सिलीनं रेघ मारायची, धारदार कटर तिच्यावरून दोन-तीनदा हलक्या हातानं फिरवायचा आणि पत्रा वाकवायचा, की तो त्या रेघेवर सरळ तुटतो. वळणदार भागांसाठी बाकदार टोकांची कात्री वापरतात. मग पॉलिश पेपर, आधी भरड आणि नंतर बारीक. काठाजवळ पत्रा जिथे आत वळतो तो काठ जाडीचा भास देतो, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या ठिकाणी तो राखतात. मनगट, कोपर, गुडघ्यामागची खोबण अशा ठिकाणी मात्र तो घासून कमी करावाच लागतो, नाहीतर प्रत्येक हालचालीला कातडी चिमटते.

यानंतरचा टप्पा शिंपीकामाचा आहे. नडगीचे दोन्ही भाग पायाला लावून मास्किंग टेपनं बांधायचे, चालून बघायचं, बसायचा प्रयत्न करायचा, खुणा करायच्या आणि मगच कापायचं. किट एकाच मापाचं येतं, माणसं मात्र नाना मापांची असतात. पोटरी भरलेली असेल तर दोन भागांमध्ये फट राहते आणि ती एबीएसची पट्टी घालून भरावी लागते. सडपातळ माणसाला दोन्ही काठ कमी करावे लागतात. तेही दोन्ही बाजूंनी सारखे, म्हणजे सांधा पायाच्या मधोमध येतो. ज्यानं हे माप घाईनं उरकलं त्याचं चिलखत अंगावर लोंबतं, मग त्याचा रंग कितीही सुरेख असो.

मूळ चिलखतात दोन काठ एकमेकांना भिडवून वरून पट्टी चिकटवलेली असते. दंड आणि मनगटाच्या भागांवर ती साधारण १५ मिलिमीटर रुंद असते, मांडी-नडगीला पुढून २० आणि मागून २५. आतून आणखी एक पट्टी लावली की जोड मजबूत होतो. चिकटवायला ई-६००० नावाचा, वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा गोंद बहुतेकांच्या पसंतीचा आहे. तो पक्का व्हायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर क्लॅम्प आणि चुंबकं लावून भाग दाबून धरतात. झटपट चिकटवणारा गोंद ठिसूळ असतो आणि चालताना बसणाऱ्या धक्क्यांनी सुटतो. ई-६००० ची खरी थोरवी अशी की जोड चुकला तर तो सोलून काढता येतो आणि पत्रा खराब होत नाही.

फटी बुजवायला एबीएसचे उरलेले तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लापशी करतात. ती वाळली की तिचं मूळ पत्र्यासारखंच प्लास्टिक होतं. वाकडा बसणारा भाग कडकडीत पाण्यात धरून किंवा हीट गननं जपून वळवता येतो. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं आणि गोंदाची वाफही बरी नव्हे, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. घासताना तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आतला माणूस

चिलखताचे सुटे भाग अंगावर टिकतात ते आतल्या जाळ्यामुळे. इलास्टिक, नायलॉनच्या पट्ट्या आणि टिचबटणं यांनी छाती पाठीला, खांदा छातीला आणि मांडी कंबरेला जोडलेली असते. बाहेरून हे काहीच दिसत नाही, पण माणूस त्यात सहज चालतो की अवघडून, हे तेच ठरवतं. आत अंगासरसा काळा पोशाख, गळ्याला काळं आवरण, हातमोजे, पांढरे बूट. शिरस्त्राणात छोटे पंखे बसवतात, नाहीतर श्वासानं काचा धुरकटतात. तोंडाजवळ माइक आणि छातीपाशी स्पीकर लावला की आवाजही सैनिकी होतो.

तरीही दिसतं थोडंच. आपली पावलं तर दिसतच नाहीत. पहिल्या चित्रपटात एका स्टॉर्मट्रूपरचं डोकं वर सरकणाऱ्या दारावर आपटतं. तो प्रसंग चाहत्यांनी इतका जपला की २००४ च्या डीव्हीडीत त्या आपटण्याला आवाजही दिला गेला. इतकं कमी दिसतं म्हणून चिलखत घालून गर्दीत जाणाऱ्याबरोबर एक साधा माणूस असावाच लागतो. पायऱ्या सांगणं, पाणी देणं, जवळ आलेली लहान मुलं सांभाळणं ही त्याची कामं. मुंबईच्या कॉमिक कॉन या मेळाव्यात चिलखत घालणाऱ्यांनी तर हे दुप्पट जपायला हवं, कारण आपल्या दमट हवेत प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही. किट न घेता थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे भाग छापणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पीएलए साठेक अंश सेल्सियसला मऊ पडतं आणि उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत त्याचा आकार बिघडू शकतो. एबीएस याहून बरंच जास्त तापमान सोसतं.

हक्क कुणाचा, आनंद कुणाचा

एन्सवर्थ यांनी पुढे मूळ शिरस्त्राणांच्या प्रतिकृती विकायला काढल्या. लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीनं त्यांच्यावर दावा लावला आणि २००६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं त्यांच्याविरुद्ध दोन कोटी डॉलरचा निकाल दिला. ब्रिटनमध्ये मात्र प्रश्न वेगळा झाला: हे शिरस्त्राण शिल्प आहे का? शिल्प असेल तर कॉपीराइटचं दीर्घ संरक्षण, नसेल तर नाही. जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कलाकृती आहे तो चित्रपट. शिरस्त्राण हे तो घडवण्याच्या कामातलं एक साधन आहे, शिल्प नव्हे. त्याच निकालात न्यायालयानं हेही मान्य केलं की अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या भंगाबद्दल इंग्लंडमध्ये दाद मागता येईल.

कायद्यानं त्याला साधन म्हटलं, पण चाहत्यांनी त्याची निगा कलाकृतीसारखी राखली. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामध्ये अल्बिन जॉन्सन यांनी ‘५०१ लीजन’ ही संघटना सुरू केली. पोशाख स्वतःचा, खर्च स्वतःचा, आणि कार्यक्रमांतून पैसा मिळाला तर तो सत्कार्याला, अशी तिची रीत आहे. तिचे सदस्य रुग्णालयांत आजारी मुलांना भेटतात. सदस्यत्वासाठी पोशाखाची छायाचित्रं पाठवावी लागतात आणि प्रत्येक पोशाखाची लेखी कसोटी ठरलेली आहे. त्या कसोटीत मूळच्या त्रुटीही सामावल्या आहेत. म्युअर यांनी हातानं घडवलेलं चिलखत डाव्या-उजव्या बाजूंना तंतोतंत सारखं नाही, शिरस्त्राणाच्या गालांवरच्या निळ्या रेघा ब्रशनं ओढलेल्या आहेत. आजचा कारागीर या खुणा पुसत नाही, मुद्दाम राखतो. घाईत काम केलेल्या त्या हातांना दिलेला तो मान आहे.

या निष्ठेची पावतीही मिळाली. १ जानेवारी २००७ रोजी पासाडेनाच्या ‘रोज परेड’ या संचलनाचं अग्रस्थान लुकास यांच्याकडे होतं आणि त्यात लीजनचे सुमारे दोनशे सदस्य होते. २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत पोशाखी सैनिक कमी पडले, तेव्हा निर्मात्यांनी लीजनलाच बोलावलं. घरी बेतलेली चिलखतं जशीच्या तशी पडद्यावर गेली.

आपल्याकडे कुणा मुलाला किंवा मुलीला हे करून पाहायचं असेल, तर सुरुवात मनगटाच्या एका भागापासून करावी. माप, काप, घास, जोड हे सगळं त्या एका तुकड्यात शिकायला मिळतं आणि चुकलं तर नुकसान थोडं. तापलेलं प्लास्टिक कसं वागतं, आपला हात कुठे वाकतो, गोंदाला वेळ का द्यावा लागतो, हे पुस्तकातून कळत नाही. तयार वस्तू अंगावर चढवायची सवय लागलेल्या काळात, आपल्या देहाचं माप आपणच घेऊन त्याला साजेशी वस्तू घडवता येणं ही मोठी विद्या आहे. ती मिळवण्यासाठी एका काल्पनिक सैनिकाचं चिलखत निमित्त झालं, तर ते निमित्त उत्तमच म्हणायला हवं.