कोड आणि पेशींवरचा ताण

अंगावर पांढरा डाग दिसला की आपल्याकडे पहिली काळजी लग्नाची. लोणार तालुक्यातलं सुलतानपूर असो की पुणे, मुलीचे आईवडील धास्तावतात. ‘श्वेतकुष्ठ’ या नावाने तर गैरसमजात भरच घातली. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. ते स्पर्शाने पसरत नाही आणि कुणाच्या पापाचं फळही नाही. मग ते होतं कशाने?

त्वचेचा रंग, म्हणजे मेलॅनिन, रंगपेशी तयार करतात. कोडात शरीराची संरक्षण यंत्रणाच या पेशींना मारू लागते. असं का व्हावं? याचा एक धागा फळमाशीपर्यंत जातो. उष्णता वाढली की तिच्या पेशींतली काही ठरावीक जनुकं जागी होतात, हे इटलीचे फेरुच्चो रितोसा यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलं. ही जनुकं ‘ताण-प्रथिनं’ बनवतात, हे पुढे कळलं. ताण म्हणजे इथे मनाचा नव्हे, पेशीचा. उष्णतेने, रसायनाने पेशीतली प्रथिनं बिघडू लागली की ताण-प्रथिनं त्यांना सावरतात.

त्यांतलंच एक एचएसपी-७०. रंगपेशीवर ताण आला की ते पेशीबाहेरही पडतं आणि तिथे धोक्याची घंटा ठरतं. संरक्षक पेशी सावध होतात आणि रंगपेशींवरच तुटून पडतात. घरातला राखणदारच शत्रूला वाट दाखवतो म्हणा ना! २०१३ साली अमेरिकेत कॅरोलीन ले पूल यांच्या गटाने या प्रथिनात छोटा बदल करून प्रयोग केले, तेव्हा उंदरांचा गेलेला रंग परतला. अर्थात, उंदरांवरचं यश म्हणजे औषध नव्हे.

आपल्या हाती काय आहे? काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं. त्याने रंगपेशींवर असाच ताण येतो. टिकलीखाली किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याखाली कातडी पांढुरकी दिसली, तर ती वस्तू लगेच बंद करावी. त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जावं. मलमं, प्रकाशोपचार, शस्त्रक्रिया असे उपाय आज आहेत.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांना एकत्र आणलं. २००६ च्या ‘नितळ’ चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर होती. पेशींवरचा ताण विज्ञान शोधील; पाहुण्यांच्या नजरेतला ताण मात्र आपणच कमी करायचा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)