जुन्या पद्मिनीची ताकद आणि वृत्तचितीचं घनफळ

वृत्तचितीचं घनफळ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, याचा उपयोग काय?" एक चांगलं उत्तर जुन्या गाडीच्या बॉनेटखाली आहे.

सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडल्या. आजही काही घरांत आजोबांची पद्मिनी जपलेली असते. ती चढावर दमायला लागली, की सल्ला मिळतो, "इंजिन बोअर करून घ्या, पिकअप वाढेल." पैसे घालण्याआधी आपण गणित करून पाहू.

पद्मिनीला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास 68 मिमी, म्हणजे त्रिज्या 3.4 सेमी. पिस्टन वर-खाली जातो ते अंतर 7.5 सेमी, ही झाली उंची. पाय आर वर्ग एच सूत्राने एका सिलिंडरचं घनफळ सुमारे 272 घनसेमी येतं आणि चारांचं 1089. गाडीच्या माहितीपुस्तकात 1089 सीसी लिहितात ते हेच!

आता व्यास 1 मिमीने वाढवा. उत्तर येतं सुमारे 1121. वाढ फक्त 3 टक्के. मूळ इंजिन साधारण 40 अश्वशक्तीचं, म्हणजे हाती लागली जेमतेम सव्वा अश्वशक्ती. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करावंच लागतं, पण ती दुरुस्ती झाली.

मग ताकद येते कुठून? हवेतून. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 15 ग्रॅम हवा लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा अंदाजे 5 टक्के विरळ. त्यात हवा 25 ऐवजी 40 अंशांची असेल, तर आणखी 5 टक्के घट. म्हणून एअर फिल्टर स्वच्छ ठेवणं आणि कार्बोरेटरला बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची हवा मिळू देणं, हे स्वस्त आणि उपयोगी.

त्याआधी गळती शोधा. फुटक्या माठात जास्त पाणी ओतून काय उपयोग? चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते कमी असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेत. टॅपेट, पॉइंटची फट, टायमिंग आणि कार्बोरेटर नीट लावले, की हरवलेली ताकद बरीचशी परत येते.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं, ताकदही वाढते. पण प्रमाणाबाहेर गेलं की इंजिन ठोकतं आणि पिस्टनला इजा होते. ब्रेकचाही विचार हवा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेग 60 वरून 80 केला, तर गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. ती थोपवणार कोण?

आणखी एक. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात लागते. इंजिनात मोठा फेरबदल केलेली चालत नाही.

वर्गात हे जरूर करून बघा: घरच्या मोटारसायकलच्या पुस्तिकेतून बोअर आणि स्ट्रोकचे आकडे मुलांना आणायला सांगा आणि सीसी काढायला लावा. छापलेला आकडा आपल्या वहीत उतरला, की 'उपयोग काय' हा प्रश्न पुन्हा येत नाही.