मुलाच्या ‘नाही’ची किंमत

वर्गात चाळीस मुले असताना संडास धुवायचा झाडू नेमका कोणाच्या मुलाच्या हाती दिला जातो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या मुलाला ‘नाही’ म्हणता येते का? आणि येते की नाही, हे मोजायचे कसे?

अमेरिकेत मायकेलसन आणि वुड या अभ्यासकांनी १९८२ साली मुलांसाठी अशी एक प्रश्नावली पुढे आणली. तीत २७ प्रसंग आहेत. कोणी कौतुक केले, दोष काढला, काही मागितले, तर तू काय करशील? प्रत्येक प्रसंगाला पाच उत्तरे. अगदी दबून वागणाऱ्या उत्तराला उणे दोन, अंगावर धावून जाणाऱ्याला अधिक दोन आणि शांत, ठाम उत्तराला शून्य. येथे शून्य हाच उत्तम गुण! उद्धटपणा म्हणजे बाणेदारपणा नव्हे, हे त्यातून मुलांना नीट समजावता येते.

परंतु मित्राला पेन्सिल नाकारणारे मूल गुरुजींना नकार देईलच असे नाही. नकाराची किंमत समोर कोण आहे यावर ठरते. महारवतनात सरकारी कामाची हाक आली की आमच्या पणजोबांना जावेच लागे. ते काय भित्रे होते? नकार दिला की बलुते बंद आणि गावाचा बहिष्कार! म्हणूनच बाबासाहेबांनी समाजाला स्वाभिमान शिकवला आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयकही मांडले. नुसत्या धीराने भागत नाही, पाठीशी कायदा लागतो.

२०१२ च्या पोक्सो कायद्यात हीच जाण आहे. अठरा वर्षांखालील मुलाने विरोध केला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. मुलाला आक्रमक प्रश्न विचारू देऊ नयेत, असे कलम ३३ न्यायालयाला बजावते. तरीही घरचेच लोक विचारतात, “तेव्हाच का नाही बोललीस?” वकिली करताना हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्या प्रश्नाने पोर दुसऱ्यांदा गप्प होते.

म्हणून बंधूभगिनींनो, मुलांना ठामपणा जरूर शिकवा, हवे तर मोजाही. पण पाहुण्यांच्या मांडीवर बसायला मुलीने नकार दिला, तर तिला दटावू नका. आणि गुण कमी पडले तर मुलाला दोष देण्याआधी शोधा, त्याच्या ‘नाही’ची किंमत कोण वसूल करतो आहे?