गुढीपाडवा आणि घराचे आय-व्यय

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढीबरोबर पंचांगाचेही पूजन करावे आणि नव्या संवत्सराचे फल श्रवण करावे, असा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. माटुंग्यासारख्या वस्तीत तो केवळ मराठी घरांपुरता राहिलेला नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या या भागात महाराष्ट्रीय, तमिळ, कानडी, तेलुगू, मल्याळी आणि कच्छी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदत आली आहेत. आपल्या दारी गुढी उभी राहते, त्याच दिवशी कानडी आणि तेलुगू घरांत युगादी असते. आणि कडुनिंबासवे गूळ दोन्हीकडे जिभेवर ठेवला जातो.

तेलुगू घरांतील पंचांगश्रवणात एक विशेष आहे. प्रत्येक राशीला त्या वर्षी 'आदाय' किती आणि 'व्यय' किती, हे चक्क अंकांत वाचून दाखवितात. वर्षाच्या पहिल्याच दिवशी जमा आणि खर्च यांचा उच्चार व्हावा, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो. ग्रहांनी सांगितलेले आय-व्यय भक्तिभावाने ऐकावे. परंतु त्याच दिवशी आपल्या घराचे आय-व्ययही सर्व कुटुंबीयांसमक्ष वाचले जावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

याचे कारण असे की, संसार बहुधा मिळकत थोडी म्हणून मोडत नाहीत. लपविलेल्या कर्जाने मोडतात. कर्ता पुरुष हप्त्यांची गोष्ट पत्नीस सांगत नाही, पत्नी गहाण ठेवलेल्या बांगडीची गोष्ट सासूबाईंना सांगत नाही, आणि मुले मात्र समजतात की घरात सारे काही उदंड आहे. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. म्हणून सोने, वाहन, शीतकपाट यांच्या जाहिराती याच दिवशी घरी चालून येतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर आज अनेक ठिकाणी दरमहा तीन ते साडेतीन टक्के व्याज पडते. वीस हजार रुपये थकले, तर एका महिन्याचे व्याजच सहाशे ते सातशे रुपये! मुहूर्त एका दिवसाचा, व्याज मात्र बारा महिन्यांचे.

ऋण हे मनावरचे ओझे आहे, हे आपल्या संतांनी ओळखले होते. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. त्यांनी धाकट्या बंधूंचा वाटा त्यांच्या हाती देऊन आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. देणेकऱ्यांना ऋणमुक्त करणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव घ्यावे आणि सण मात्र उधारीवर साजरा करावा, हे आपणांस शोभत नाही.

मग करावे काय? सायंकाळी गुढी उतरविली की सर्वांनी देवापुढे बसावे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहावे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. शाळेचे शुल्क, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी, कुलदेवतेची यात्रा हे खर्च वर्षातून एकदाच येतात, आणि म्हणूनच ते अचानक आल्यासारखे वाटतात. त्यांची बेरीज करून बारांनी भागावे. समजा, ती चोवीस हजार झाली, तर दरमहा दोन हजार रुपये पगाराच्याच दिवशी बाजूला पडले पाहिजेत. ज्यांना इतके शक्य नाही, त्यांच्यासाठी टपाल कचेरीतील आवर्ती ठेव दरमहा शंभर रुपयांपासून सुरू करता येते. तिची मुदत पाच वर्षांची असते. जे कर्ज असेल, तेही त्याच पानावर लिहावे. लिहिलेले कर्ज फिटते, लपविलेले वाढते.

काटकसर एकट्याने करणे कठीण. चारचौघांनी मिळून केली की ती व्रतासारखी निभते. १९७५ च्या गुढीपाडव्यासच मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली, हा योग मोठा सूचक आहे. बिंदुमाधव जोशी यांनी चालविलेल्या या चळवळीत शेजारची काही कुटुंबे संघ स्थापून महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवू लागली. माल घाऊक भावाने यावा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यावा, अशी ही पद्धत. तिचा लाभ केवळ भावातील फरकाचा नव्हे. महिनाभरात आपल्याला काय आणि किती लागते, याचा विचार गृहिणीला आधी करावा लागतो, आणि खरी बचत तेथेच होते.

यावरून कोणी काटकसर म्हणजे कृपणता समजू नये. कृपण मनुष्य देवाच्या आणि अतिथीच्या वाट्यात कपात करतो. काटकसरी गृहस्थ तो वाटा वहीत सर्वांत आधी लिहितो. एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या विषूच्या सकाळी मल्याळी घरांतील वडीलधारी माणसे धाकट्यांच्या हाती नाणे ठेवतात. ते नाणे लहान असले तरी स्वतःचे असते, उसने नसते.

माटुंग्याच्या बाजारातून झेंडूची माळ, साखरेच्या गाठी आणि कडुनिंबाचा डहाळा घरी येईलच. त्यांच्यासमवेत यंदा एक साधी वहीही यावी. कडुनिंब आधी आणि गूळ मागाहून, हा क्रम हिशेबालाही लागू आहे. प्रत्येक घराचा आदाय व्ययाहून चार पैशांनी का होईना अधिक राहो, आणि त्या चार पैशांत कोणा गरजूचाही वाटा असो, हीच नववर्षाच्या आरंभी जगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना!